शेंदूर काळा पडला

१

मंगळवारी सकाळी खडकमाळच्या मारुतीच्या डाव्या अंगाला, मांडीवर टेकलेल्या हातापाशी, तळहातापेक्षा थोडा मोठा काळा चौकोन दिसला. कुणी काजळ फासलं असतं तर ओल्या फडक्यानं पुसून गाव मोकळं झालं असतं. इथं शेंदूरच काळा झाला होता. देवस्थान समितीचे अध्यक्ष बाळासाहेब नेहमीप्रमाणे दर्शनाला आले, मूर्तीवरची रुईच्या पानांची माळ घसरली होती ती सारखी करायला गेले आणि माळेखालून हे निघालं. दहा मिनिटांत निम्मं गाव देवळात जमलं. अर्ध्या तासात सगळ्यांचं एकमतही झालं, की हे त्या लाइटच्या मशीनचं काम आहे आणि मशीन चालवतो सुदर्शन.

माझं मत वेगळं होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. मी चांगदेव. घोडेगावच्या स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. बारसं, लग्न, पासपोर्ट आणि गेलेल्या माणसाचा मोठा करून दिलेला फोटो, यातच माझी छत्तीस वर्षं गेली. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि लोक उगीच म्हणत नाहीत.

खडकमाळ म्हणजे शिनोलीच्या पुढं भीमाशंकरचा रस्ता सोडून आत गेलं की लागणारं शे-दीडशे उंबऱ्यांचं गाव. तिथल्या महादेवाच्या जुन्या दगडी देवळात दोन महिन्यांपासून साफसफाईचं काम चालू होतं. शेकडो वर्षांच्या दिव्यांची आणि धुपाची काजळी खांबांवर जाड बसली होती, तिच्यात सगळं कोरीवकाम बुडून गेलं होतं. ती लेझरनं काढायची. पाणी नाही, ॲसिड नाही, घासणं नाही. दांडीतून उजेडाचे ठोके पडतात, काजळी टचटच आवाज करत उडून जाते आणि दगड तसाच राहतो. काळ्या दगडावरची काळी काजळी काढणार, मग थांबायचं कुठं हे मशीनला कोण सांगणार, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तेव्हा अश्विनी मॅडम हसल्या होत्या. त्या पुण्याच्या, या कामाच्या प्रमुख. थांबायचं कुठं हे माणसानंच ठरवायचं असतं, असं त्या म्हणाल्या. आधीचे आणि नंतरचे फोटो काढायला त्यांनीच मला बोलावलं होतं.

मारुती मात्र त्या कामात नव्हता. तो मंडपाच्या कोपऱ्यात, आपल्या छोट्या घुमटीत. त्याच्या शेंदराला हात लावायचा नाही, हे कामाच्या कागदावरच लिहिलेलं होतं.

मी पोचलो तेव्हा सुदर्शन देवळाच्या पायरीवर मान खाली घालून बसला होता. हा पोरगा बेल्ह्याचा, सव्वीस वर्षांचा. हात इतका हलका की मॅडम त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कोरीवकामाजवळ मशीन नेऊ देत नसत. बाळासाहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की शनिवारी सभा होईल. तोवर ज्यानं केलं त्यानं कबूल करावं, नाहीतर सुदर्शनच्या नावानं देवाची विटंबना केल्याची तक्रार पोलिसात जाईल. असली तक्रार एकदा नावावर लागली की या पोराला पुन्हा कुठल्या देवळाच्या दारात कुणी उभं करणार नाही, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. सुदर्शन एक अक्षर बोलला नाही. एरवी तो बोलायला लागला की मला त्याला गप्प करावं लागायचं.

२

अश्विनी मॅडम रविवारी पुण्याला गेलेल्या, त्या थेट मंगळवारी बातमी ऐकून परत आल्या. त्यांनी मला घुमटीच्या पायरीपर्यंत नेलं, स्वतः बाहेरच थांबल्या आणि हळू आवाजात सांगितलं, की हे आमच्या माणसानं केलेलं नाही.

"जुना शेंदूर शिशाचा असतो. त्यावर हा उजेड पडला की तो काळा होतो, आणि परत कधी लाल होत नाही. आमच्या कामात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. सुदर्शनला झोपेतून उठवून विचारलंत तरी तो सांगेल."

"आणि गावाला सांगितलं होतंत?"

"गावाला कशाला सांगायचं? मशीन काय गाव चालवणार होतं?"

मी आत जाऊन कॅमेरा तिपाईवर लावला, दिवा बाजूला धरला आणि काळ्या चौकोनाची कड जवळून टिपली. आडव्या उजेडात खपली, भेग, ओरखडा सगळं दिसतं. मला दिसल्या त्या पायऱ्या. जुन्या भिंतीचा रंग उकरला की एकाखाली एक रंग दिसतात तसे एकाखाली एक दहा पातळ थर, सगळे भडक नारिंगी. त्यांच्याखाली तो काळा. काळ्याच्या एका कोपऱ्यात खपली उडाली होती, तिथं खाली आणखी कितीतरी थर होते, गडद लाल, हात न लावलेले.

म्हणजे रागानं कुणी देवाला डाग दिला नव्हता. एकेक थर उतरवत, जीव मुठीत धरून कुणीतरी तासभर तिथं बसलं होतं. आणि त्याला खालची मूळ मूर्तीही नको होती, नाहीतर तो अकराव्या थरावर थांबला नसता. त्याला तो एक थरच हवा होता. शेंदराच्या एका थरात कुणाचं काय असेल, ते काही केल्या माझ्या डोक्यात येईना.

जमीनही चमत्कारिक होती. दहा थर उडाले म्हणजे नारिंगी भुकटी पडणार. सुदर्शन काम करताना शेजारी व्हॅक्यूमचा पाइप धरतो, म्हणून मी त्याची पिशवी उघडून पाहिली. आत निव्वळ काळी काजळी होती. फरशीवर शेंदराचा कणही नव्हता, झाडूचा फराटाही नव्हता. ज्यानं कुणी केलं त्यानं देवाचा शेंदूर पायाखाली येऊ दिला नव्हता. फडकं अंथरून झेलला होता आणि फडक्यासकट नेला होता. शिवाय रुईची माळ. मारुतीला माळ शनिवारी चढते. मंगळवारी सकाळी त्याच्या अंगावर ताजी हिरवी माळ कशासाठी होती?

जाता जाता मी मशीनजवळच्या खिळ्यावर अडकवलेला हिरव्या काचेचा चष्मा उचलला. मशीन चालवताना डोळे जाऊ नयेत म्हणून तो लावावाच लागतो. त्याच्या पट्ट्यावर तेलकट नारिंगी बोट उमटलं होतं. सुदर्शन तर हातमोजे घातल्याशिवाय चष्म्यालाही हात लावत नाही.

३

दुपारी मी सुदर्शनला स्टँडवर चहाला नेलं. त्यानं चहा तसाच ठेवला.

सोमवारी बेल्ह्याचा बैलबाजार. त्याच्या वडिलांना खोंडांची जोडी दाखवायची होती म्हणून तो सकाळी सातला मोटरसायकलवर गेला आणि चारला परत आला. मशीनला किल्ली लागते, ती फिरवल्याशिवाय आत धुगधुगीही होत नाही. दुसरी किल्ली पुण्याच्या ऑफिसात कुलूपबंद. मग सोमवारी ही किल्ली कुठं होती, असं मी विचारलं. माझ्याच खिशात होती, असं तो म्हणाला. तीनदा विचारलं, तीनदा तेच सांगितलं, आणि तिन्ही वेळा समोरच्या एसटीकडं बघत.

आता माझी गंमत बघा. सोमवारी दुपारी दोनला लाइट गेली ती मंगळवारी पहाटे आली. खडकमाळला आणि घोडेगावला वीज एकाच लाइनीवरून येते, आणि माझा लग्नाचा अल्बम अर्धा छापून तसाच राहिला होता, म्हणून मला मिनिटासकट आठवत होतं. दोनच्या पुढं मशीन चालूच शकत नव्हतं. म्हणजे जे झालं ते सात ते दोनच्या मधे, सुदर्शन बेल्ह्यात असताना. आणि किल्ली त्याच्या खिशात बेल्ह्यात असेल तर मशीन कुणी चालवलं, मारुतीनं स्वतः?

हे मी त्याला ऐकवलं. पोरगा सुटत होता, त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भाऊ, तुमी ह्यात पडू नका," तो म्हणाला. "मी केलं म्हणून सांगतो शनवारी. आमच्या घरी दोन खोंडं हायेत, शेती हाय. माझं भागंल."

"आणि ज्याला तू किल्ली दिलीस त्याचं?"

तो उठला आणि निघून गेला. आजवर मी पाहिलेला तो पहिला माणूस होता, जो केस नावावर घ्यायला उतावीळ झाला होता.

४

रीत म्हणून मी बाळासाहेबांकडंही गेलो. त्यांच्यावर संशय घ्यायला कारण होतं. दिवाळीत त्यांनी मॅडमच्या मागं लकडा लावला होता, की एवढं मशीन आलंय तर मारुतीचा शेंदूरही काढून टाका, खाली जुनी मूर्ती निघाली तर भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या इकडं वळतील. मॅडमनी साफ नकार दिला तेव्हा ते आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. पण सोमवारी ते दिवसभर बेल्ह्यात होते. संध्याकाळी टेम्पोतून गाय घेऊन आले, ती उतरवताना अर्ध्या गावानं हात लावला होता. आणि गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस त्या घुमटीत तासभर उकिडवा बसणं शक्य नाही. मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी माझे आभार मानले नाहीत, फक्त शनिवार पक्का आहे एवढं बजावलं.

मग मी मॅडमना गाठलं आणि सरळ विचारलं, की बाळासाहेब सोडून शेंदराबद्दल आणखी कुणी काही विचारलं होतं का.

त्या आठवत राहिल्या. मग त्यांचा चेहराच बदलला. गेल्या आठवड्यात त्या खांबाच्या नोंदी लिहीत होत्या. गुरव हौशीराम समया पुसता पुसता थांबला आणि म्हणाला, बाई, मशीननं वरचा शेंदूर उतरून खालचा शाबूत राहतो का हो, ह्या काजळीगत. त्यांनी वहीतून मान वर न करता सांगितलं, उतरेल, पण परवानगी नाही.

"उतरेल म्हणाले मी," मॅडम म्हणाल्या. "काळा पडेल हे सांगायला एक वाक्य लागलं असतं."

त्या रडल्या नाहीत, पण वही मिटून बाजूला ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा उघडली नाही.

मला हौशीराम नको होता. दुसरं कुणीही चाललं असतं. देवळामागच्या त्याच्या घरात दोन महिने सुदर्शन जेवत होता. त्याची बायको रत्ना त्या पोराला वाढताना भाकरीचा पापुद्रा फुगलेला आहे ना ते बघून वाढायची. मला त्या घराचं आणखीही काही माहीत होतं, आणि म्हणून तिथं जायला माझा पाय निघत नव्हता.

५

नऊ वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, हौशीराम आणि रत्ना माझ्या दुकानात आले होते. त्यांची एकुलती एक मुलगी आरोही, सात वर्षांची. सुट्टीत पारगावला मामाकडं गेली आणि उसाच्या कडेनं चालताना बिबट्यानं नेली. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही. त्यांना भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता आणि त्यांच्याकडं एकच होता, शाळेचा, सगळ्या वर्गाचा. त्यात कॅमेऱ्याचं बटण दाबलं तेव्हा हिनं नेमकी मान वळवून दुसरीकडं पाहिलेलं. मी तीन दिवस खटपट केली. मोठा करू तसा कान, रिबिनीचा बो आणि गालाची एक पुसट कड, एवढंच यायचं. मी पैसे घेतले नाहीत. रत्नानं मला विचारलं होतं, भाऊ, तिचं काहीच राहिलं न्हाई का हो. छत्तीस वर्षांत एवढं नालायक मला कधी वाटलं नव्हतं.

गुरुवारी मी गेलो तेव्हा भिंतीवर खिळा तसाच होता, रिकामा. रत्नानं चहा टाकला. हौशीराम उंबऱ्यावर बसून वाती वळत होता. मी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, मारुतीला शेंदूर वर्षातून किती वेळा चढवता. एकदाच, हनुमान जयंतीला, असं त्यानं सांगितलं. आणि शेंदूर कुठला? त्यावर तो खाली बघून वात वळत राहिला. आतून रत्नाच म्हणाली, की पूर्वी जुन्नरवरून डबा यायचा, गडद लाल, वजनाला जड. आता घोडेगावातनं पुड्या येतात. जड होता तो शिशाचा, पुडीत नुसता रंग असतो.

"कधीपासून?"

"आरोही गेली त्याच्या फुडल्या सालापास्नं. नऊ वर्सं झाली की."

नऊ वर्षं, नऊ जयंत्या, पुडीच्या नारिंगी शेंदराचे नऊ थर. मी दहा मोजले होते. फोटो माझ्या खिशात होता, पुन्हा मोजायची गरज नव्हती.

मी हौशीरामला गोठ्याकडं घेऊन गेलो. सगळं त्याच्यापुढं मांडलं. सुदर्शन बाजाराला जाताना किल्ली भरवशाच्या माणसाकडं ठेवून गेला, आणि त्या माणसाला वाचवायला आता आपल्या जन्माचं नुकसान करून घेतोय. त्या माणसानं दोन महिने शेजारी बसून मशीन बघितलं, म्हणून चालवता आलं. पण शेंदूर काळा पडतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं देवाचा शेंदूर फडक्यात झेलला, कारण तो देवाचा माणूस. माळही त्यानंच घातली. आणि कुठल्या थरावर थांबायचं हे त्यालाच माहीत असणार, ज्यानं ते थर स्वतःच्या हातानं चढवले. हौशीराम हातातल्या वातीला पीळ देत ऐकत राहिला. नाही म्हणाला नाही.

"एकच मला उमगत नाही," मी म्हणालो. "नऊ वर्षांत दहा थर कसे? एका वर्षी दोनदा शेंदूर का चढवलात?"

त्यानं घराकडं पाहिलं. रत्ना दारात उभी राहून आम्हाला चहा निवतोय म्हणून बोलावत होती.

"शनवारी सांगतो," तो म्हणाला. "तिच्या म्होरंच सांगायचंय. पर घरात सांगायची माझी छाती न्हाई, भाऊ."

६

शनिवारी चार वाजता मंडप भरला. बाया एका बाजूला, त्यांच्यात रत्ना. सुदर्शन मशीनच्या पेटीशेजारी उभा होता आणि बाळासाहेबांनी सुरुवात करायच्या आतच तो पुढं आला. हौशीरामनं त्याला हाताला धरून मागं सारलं.

"ह्या पोराचा काय संबंध न्हाई. किल्ली मी मागून घेतली व्हती. म्हणलं, तू बाजाराला जातोस, हरवंल. मी केलंय."

गलका झाला. बाळासाहेबांनी हात वर केला. हौशीराम खांबाला टेकून बोलत होता, आणि गावाकडं बघतच नव्हता. बायांच्या घोळक्यात त्याला एकच तोंड दिसत असावं.

त्यानं सांगितलं, की आरोहीची शेवटची जयंती. जुन्नरच्या डब्यातला उरलासुरला शेंदूर त्यानं तेलात कालवून चढवला. तेलातला शेंदूर सुकायला दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूजेला गेला, तर मारुतीच्या मांडीवरच्या हातावर लहान हाताचा ठसा. पाची बोटं, शेंदरात रुतलेली. बाईमाणसानं मारुतीला शिवायचं नाही, हे या गावात पाळण्यातल्या पोरीलाही माहीत. लोक पूजेला यायचे होते. त्यानं आरोहीला घराबाहेर ओढलं. तिचा तळवा लाल होता.

"काय केलंस म्हणून इचारलं. ती हसली. म्हणली, मी त्याला टाळी दिली." हौशीरामनं पाठीमागचा खांब हातानं धरला. "मी तिला मारली. लई मारली. हातावर मारली. उनात घोडेगावला पळत गेलो, डबा संपला व्हता म्हणून पुडी आणली, आन त्या ठशावर शेंदूर चढवून टाकला. कुणाला सांगितलं न्हाई. तुलाबी न्हाई सांगितलं, रत्ना. तिला सांगितलं, आईला बोललीस तर बघ. ती न्हाई बोलली. दिवाळीपत्तोर न्हाई बोलली, आन मग गेली."

माझ्या शेजारी अश्विनी मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

नऊ वर्षं तो रोज त्या ठशाची पूजा करत होता, असं त्यानं सांगितलं. वर आणखी शेंदूर चढवताना त्याचा हात जड व्हायचा, पण गुरवानं जयंतीला शेंदूर चढवला नाही तर गाव विचारणार. मग मशीन आलं. सुदर्शनला खांबावरची काजळी थराथरानं काढताना त्यानं पाहिलं. कोरीव फूल जसंच्या तसं खालून वर आलं. त्याच्या मनानं घेतलं, की पुडीचा नारिंगी तेवढा काढायचा, गडद लाल दिसला की थांबायचं. तिथं आरोहीचा हात असेल. मग रत्नाचा हात धरून तिला आणायचं आणि दाखवायचं. तिचं काहीच राहिलं नाही म्हणतेस ना, हे बघ.

"हिरवा चष्मा लावला व्हता. सुदर्शन म्हणायचा, त्याबिगर डोळं जातील. थर उतरत गेलं. आन मला बोटं दिसली. पाची. मी रडायला लागलो. ठशात नारिंगी बसलं व्हतं, म्हणलं तेवढं काढावं म्हंजी सारा हात मोकळा व्हईल. अजून मारलं मशीन. त्या काचंतनं लाल काय आन काळं काय, सारखंच दिसतं. मग चष्मा काढला."

त्यानं रत्नावरची नजर काढली.

"समदं काळं झालं व्हतं. फडक्यानं पुसाया गेलो, तर बोटं भुकटी व्हऊन फडक्यात आली."

सुदर्शन जमिनीवर बसला आणि मोठ्यानं रडू लागला. बाळासाहेबांच्या हातात तक्रारीचा कागद होता. त्यांनी तो घडी करून खिशात घातला, मग खिशातून काढून फाडला आणि तुकडे कुठं टाकावेत ते न कळून मुठीत धरून बसले. मीही काही शहाणा ठरलो नव्हतो. मी थर मोजले होते, लाइटचा टाइम जुळवला होता, आणि माझ्या त्या हुशारीनं एका बापाला हे भर मंडपात सांगायला लावलं होतं. मला स्वतःची शिसारी आली.

रत्ना उठली. तिच्या चेहऱ्यावर राग होता की काय होतं, मला वाचता आलं नाही. ती नवऱ्याजवळून गेली, त्याच्याकडं न बघता, आणि घुमटीच्या पायरीशी थांबली. तिथंच सगळ्या बाया थांबतात. मग ती पायरी चढली आणि आत गेली. मागं कुणीतरी, म्हाताऱ्यांपैकी असेल, अगं, एवढंच म्हणालं आणि गप्प झालं. बाळासाहेबांनी मान खाली घातली. देवाधर्माचं गाव, रीतीभातीचं गाव, पण एका माणसानं तिला अडवलं नाही.

ती मारुतीपुढं गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्या काळ्या चौकोनावर हात ठेवला. खडबडीत झालं होतं ते. तिनं हात इकडं सरकवला, तिकडं सरकवला. आंधळं माणूस चाचपतं तशी ती चाचपत होती.

"कुठं व्हता?" तिनं विचारलं.

हौशीराम कधी तिच्यामागं जाऊन उभा राहिला ते मला कळलं नाही. तो खाली बसला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि दोन बोटं वर, थोडं डावीकडं नेलं.

"हितं," तो म्हणाला.

रत्नानं तिथं तळवा टेकला. मग हळूहळू तिनं आपली बोटं आत ओढून घेतली, हात लहान लहान करत, सात वर्षांच्या पोरीच्या हाताएवढा होईपर्यंत.